कावळ्यासमोर दिलेला शब्द

सुरतेत प्लेग निघाला आणि त्याच आठवड्यात आमचे बाबा सुरतेहून परत आले. बँकेच्या कामाला गेले होते. गाडीत एवढी गर्दी का आहे हे त्यांना रतलामपर्यंत कळलं नाही. त्यांना वाटलं, गुजराती लोकांचा कसलातरी सण असेल. उज्जैनच्या स्टेशनावर ते प्रसन्न चेहऱ्याने उतरले, हातात घारीचा डबा. घारी म्हणजे सुरतेची तुपात बुडवलेली मिठाई. ते घरी पोचायच्या आत रेडिओने सगळी हकीकत सांगून टाकलेली होती. आईने त्यांना फाटकातच थांबवलं, अंगणातल्या नळाखाली फिनेलच्या पाण्याने आंघोळ घातली, अंगावरचे कपडे जाळले आणि मग विचारलं, "प्रवास कसा झाला?"

दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरी बाबांसाठी बँकेतून फोन आला. एरवी फोन आला की शेजारीण आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायची. त्या दिवशी ती भिंतीपलीकडूनच ओरडली, "भाईसाब, आपके मैनेजर कह रहे हैं कि पंद्रह दिन मत आना! आराम करो, ऐसा बोले!" बाबांनी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून रजा मागितली होती आणि ती पहिल्या दिवसापासून नामंजूर होत आलेली होती. आता ती गल्लीभर ओरडून मंजूर झाली. दुपारी आत्याच्या हपिसातून तसाच निरोप आला, संध्याकाळी माझ्या शाळेतून. नगरपालिकेचा माणूस तोंडाला गमछा बांधून आला, फाटकापासून पायरीपर्यंत पांढरी पावडर टाकून गेला आणि कॅप्सूलची पाकिटं भिंतीवरून आत फेकली. दूधवाला दूध इतक्या उंचावरून ओतायचा की पातेल्याला आपण महाकाळ असल्यासारखं वाटलं असेल. आमच्या उभ्या फ्रीगंज मोहल्ल्यात आमच्याइतकं महत्त्वाचं घर तेव्हा दुसरं नव्हतं.

घरात आम्ही चौघं. आई, बाबा, मी आणि आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिचं लग्न झालेलं नव्हतं आणि त्याचं तिला काडीचंही दुःख नव्हतं. मी तेव्हा सातवीत होते.

पहिले दोन-तीन दिवस आम्ही एकमेकांच्या काखा तपासण्यात घालवले, कारण गाठ तिथे येते असं पेपरात आलं होतं. मग गाठ काही येईना आणि कंटाळा यायला लागला. बाबा म्हणाले, "वेळ सत्कारणी लावू या. प्रत्येकाने एकेक छंद धरा." हे वाक्य त्यांनी कुठेतरी वाचलेलं असणार, कारण छंद ही गोष्ट आमच्या घरात तोवर फक्त निबंधात यायची.

बाबांनी स्वतः शीर्षासनापासून सुरुवात केली. भिंतीला पाय लावून ते उलटे उभे राहिले आणि कॅलेंडर, घड्याळ आणि आजोबांचा फोटो यांना घेऊन खाली आले. मग साबणावर कोरीवकाम. अंगाच्या साबणाच्या वडीतून त्यांना मोर काढायचा होता. आधी मान गेली, मग पिसारा, मग जे उरलं त्याला त्यांनी शंकराची पिंड म्हणून घोषित केलं. त्यामुळे आईची पंचाईत झाली. पिंडीने अंग धुववेना आणि मोगऱ्याचा वास मारणारी पिंड देव्हाऱ्यात ठेववेना. शेवटी बाबांनी माळ्यावरचं बुलबुलतरंग काढलं. हे वाद्य त्यांनी लग्नाआधी हौसेने घेतलं होतं आणि लग्नानंतर आईने ते हौसेने वर टाकलं होतं. आता आईने त्यांना ते घेऊन गच्चीवर धाडलं. रोज दुपारी गच्चीवरून एकच गाणं यायचं, आणि ते कुठलं हे आम्हाला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही.

आईने उज्जैनजवळच्या भैरवगढचं छपाईकाम घरी करून पाहिलं. भैरवगढला तिने कारागिरांना कापडावर गरम मेण लावून ते रंगात बुडवताना बघितलं होतं, आणि बघितलेलं सगळं आपल्याला येतं अशी तिची समजूत होती. तिने इडलीपात्रात आधी मेणबत्त्या वितळवल्या, मग रंग उकळला आणि पलंगावरची चादर निळी केली. चादरीबरोबर मोरी, तिचे हात, माझे मोजे आणि पुढचे तीन दिवस इडल्या, हेही निळं झालं. मी तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारायला शिकले. सगळ्या घरात धड जमलेला असा तो एकच छंद होता आणि तोच करू नकोस म्हणून मला ओरडा बसायचा.

आत्याने मात्र काहीच धरलं नाही. ती खिडकीत बसून असायची. तिला छंद नको होता, तिला उत्तर हवं होतं.

ते प्रकरण असं. उज्जैनला देवळांना तोटा नाही, पण आमच्या मराठी घरांत खरी उपासना पेन्शनची. आमचे आजोबा, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, जन्मभर सरकारी नोकरीत होते. घरात त्यांचा दरारा कलेक्टरचा, हपिसात काय होता ते आम्हाला कळायला मार्ग नव्हता. आत्याला त्यांनीच परीक्षेला बसवून सरकारी खात्यात चिकटवलं. तिथे तिचं काम आलेल्या कागदांवर शिक्का मारायचा आणि ते पलीकडच्या टेबलावर द्यायचे. पलीकडच्या टेबलावरचे गृहस्थ जेवायला गेलेले असायचे. आत्या म्हणायची, "मी रिटायर होईन तेव्हा ते जेवून परत येतील."

अण्णा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांचा दहावा भैरवगढलाच, सिद्धवटाच्या घाटावर झाला. आमच्यात पिंडाला कावळा शिवावा लागतो. नाही शिवला, तर गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली असं समजायचं आणि ती ओळखून कावळ्यासमोर मोठ्याने कबूल करायची. त्या दिवशी कावळा शिवेना. बाबांनी सगळं कबूल करून पाहिलं, बहिणीला सांभाळीन, घर विकणार नाही, रोज संध्या करीन. ही शेवटची थाप ऐकून तर कावळा आणखी लांब गेला. अखेर बाबा म्हणाले, "अण्णा, तिची सरकारी नोकरी मी सुटू देणार नाही!" आणि कावळ्याने झडप घातली. लगेच सगळे सुटकेचा निःश्वास टाकून जेवायला गेले. एक आत्या सोडून.

त्यानंतर जग बदललं. टावर चौकात कॉम्प्युटरचा क्लास निघाला. तिथे चपला बाहेर काढाव्या लागत, आत गार हवा असे आणि लोक हळू आवाजात बोलत. महाकाळाच्या देवळात एवढी शिस्त मी कधी बघितली नाही. हपीस सुटल्यावर आत्या तिथे जायला लागली. ती त्यात इतकी तरबेज झाली की क्लासवाल्यांनी इंदूरला कंपनी काढली तेव्हा तिला नोकरीला बोलावलं. कंपनी खाजगी. दसऱ्याच्या आत कळवायचं होतं. आत्याला जायचं होतं, इतकं की जेवताना तिचा हात मधेच थांबायचा आणि घास तसाच राहायचा.

"मी अण्णांना शब्द दिलाय," बाबा म्हणायचे.

"तू कावळ्याला शब्द दिलायस, दादा."

"तेच ते."

"तेच ते कसं? अण्णांना विचारलं असतं तर निदान भांडता आलं असतं. कावळ्याशी काय भांडू?"

बाबा तसे वाईट नव्हते. त्यांना तिचं पटतही होतं, हे मला दिसायचं. पण बँकेतल्या माणसाला एकदा कबूल केलेलं खोडता येत नाही. त्यांचा तो स्वभावच होता. आणि खाजगी कंपनी म्हणजे आज आहे आणि उद्या पाटी काढून नेली, हे अण्णांचं वाक्य ते अण्णांच्याच जागेवर बसून म्हणायचे.

तर त्या बंदिवासात घारीचा डबा फडताळावर तसाच पडून होता. सुरतेची मिठाई कोण खाणार? टाकायची म्हटलं तर आईला तूप दिसायचं. एक दिवस आत्या डबा उचलून गच्चीवर गेली. "कावळ्यांना घालते. त्यांना प्लेग होत नाही," ती म्हणाली. हे तिला कुणी सांगितलं होतं देव जाणे.

तिथून तिचा छंद सुरू झाला. आधी एक कावळा आला, मग दोन, मग पाण्याच्या टाकीवर अख्खी सभा भरायला लागली. घारी संपली तशी ती शेव न्यायला लागली. उज्जैनचा कावळा, शेवेला नाही कसा म्हणेल? ती वाटीवर चमचा वाजवायची आणि कुठून कुठून कावळे यायचे. कोण भित्रा, कोण दादागिरी करतो, कोण शेव पाण्यात बुडवून मऊ करून खातो, सगळं तिला माहीत झालं. खिडकीत बसून सुकत चाललेली आत्या पुन्हा बडबड करायला लागली, याचा मला इतका आनंद झाला की मीही रोज तिच्या मागे गच्चीवर जायला लागले. एका कोपऱ्यात बाबा बुलबुलतरंग छेडत असायचे, दुसऱ्या कोपऱ्यात आम्ही. कावळ्यांना ते संगीत चालायचं. कावळेच ते.

एकदा ऊन फार म्हणून आत्या बाबांची काळी छत्री घेऊन वर आली. छत्री उघडल्याबरोबर कावळे एकदम उडाले, लांबच्या तारेवर बसले आणि ओरडून ओरडून त्यांनी गल्ली डोक्यावर घेतली. छत्री मिटून जिन्यात ठेवली तसे परत आले. आत्याने पुन्हा उघडून पाहिली. पुन्हा तेच. "मोठा मेलेला कावळा वाटत असेल त्यांना," ती म्हणाली आणि बराच वेळ छत्रीकडे बघत राहिली. मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

पितृपक्ष लागलेलाच होता. अण्णांची तिथी आली. बाबांनी भिंतीवरून गुरुजींना निरोप धाडला. गुरुजी आमच्याकडे वर्षानुवर्षं येत. श्राद्धाचे वडे ते मोजत नसत, आम्ही मोजायचो. पण या वेळी त्यांनी कळवलं की घरात पाऊल ठेवणार नाही, शास्त्रात आपत्काली सोय आहे. ती सोय अशी निघाली की गुरुजी गल्लीपलीकडच्या घराच्या गच्चीवर उभे राहिले, तोंडाला उपरणं, डोक्यावर ओला पंचा, आणि तिथून मंत्र ओरडायला लागले. इकडे आमच्या गच्चीवर बाबा सोवळं नेसून दर्भ घेऊन बसले. उपरण्यातून निम्मे मंत्र बाहेर यायचे, उरलेले निम्मे गल्लीतल्या रिक्षा खायच्या.

"सव्य करा!" गुरुजी ओरडायचे.

"काय?"

"जानवं! जानवं सरळ करा!"

मग गल्लीतून कुणीतरी मदत करायचं, "भाईसाब, पंडितजी बोल रहे हैं जनेऊ सीधी करो!" आजूबाजूच्या गच्च्यांवर लोक जमलेले. प्लेगच्या भीतीने आमच्या फाटकासमोरून जायचं टाळणारे सगळे, अंतर राखून, शेंगदाणे खात अण्णांच्या श्राद्धाला हजर होते.

विधी झाला. आईने पान वाढलं. वडे, खीर, आमसुलाची चटणी, कारल्याची भाजी, सगळं. कावळ्याचा घास कठड्यावर ठेवला. कावळा शिवल्याशिवाय आम्ही कुणी जेवायचं नाही, आणि सकाळपासून कुणाच्या पोटात कण नव्हता. बाबांनी "काव काव" केलं. टाकीवर कावळे जमलेलेच होते, ती त्यांची रोजची वेळ होती. मला खात्री होती, आता वड्यांचा फडशा पडणार.

एकही हलला नाही. उलट सगळे उडून तारेवर गेले आणि तिथून कलकलाट करायला लागले.

मी वळून पाहिलं. आत्या जिन्याच्या तोंडाशी उभी होती आणि तिच्या डोक्यावर काळी छत्री होती. भादव्यातलं ऊन रणरणत होतं, छत्री घेतली तर कुणाला काय वाटणार? तिने माझ्याकडे पाहिलं. मी एकदम वड्यांकडे बघायला लागले.

"इच्छा राहिलीय!" पलीकडून गुरुजी ओरडले. "बोला, भाऊसाहेब!"

बाबांनी हात जोडले. "अण्णा, गच्ची गळते, ती या वर्षी दुरुस्त करीन."

कावळे तारेवर.

"अण्णा, तुमचा फोटो मी पाडला. नवी काच बसवीन."

आई म्हणाली, "मामंजी, चादर मी पांढरी करून घेते." तिला वाटलं, निळी चादर त्यांची होती म्हणून असेल.

कावळे काही खाली येईनात. पाचव्या की सहाव्या कबुलीला बाजूच्या गच्चीवरून सूचना यायला लागल्या. "बाउजी को पान पसंद था, पान का बोलो!" पानाचंही कबूल झालं. खीर आटली, वड्यांवर माश्या बसल्या. गुरुजींना पुढच्या घरी जायचं होतं आणि तिथले वडेही गार होत होते. ते शेवटी वैतागून ओरडले, "अहो, कुणाला काही शब्द दिलेला आहे का? तोच अडकला असेल! मोकळा करा!"

घामाने त्यांचं सोवळं पाठीला चिकटलं होतं. त्यांनी मान वळवून आत्याकडे पाहिलं. आत्याचा चेहरा छत्रीच्या सावलीत होता. हात मात्र मला दिसला, छत्रीची मूठ इतकी घट्ट धरलेली की बोटं पांढरी पडली होती. हे फसलं तर ती पुन्हा त्या शिक्क्यापाशी जाऊन बसणार आणि तिथेच म्हातारी होणार, हे मला अगदी स्वच्छ कळत होतं.

बाबा हात जोडून तसेच थांबले. मग गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अण्णा, तिला इंदूरला जाऊ देतो. सरकारी नोकरी सुटली तरी चालेल. तिला जायचंय."

आत्याने छत्री मिटली आणि जिन्यात ठेवून दिली.

पुढचं तर काय, ते बिचारे भुकेलेच होते. एकाने वडा पळवला, दुसऱ्याने खिरीत तोंड घातलं, शेव पाण्यात बुडवणाऱ्याने कारल्याची भाजी चाखून थुंकली. चारी गच्च्यांवरून टाळ्या पडल्या. मी दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की गुरुजी दचकले. त्या दिवशी मला कुणी ओरडलं नाही. आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "बघा, शेवटी त्यांनाच लेकीची काळजी!" हयातीत अण्णांनी अशी काळजी केली असती तर आईनेच त्यांना डॉक्टरकडे नेलं असतं.

जेवणं झाली. आत्याने शेजारणीला भिंतीवरून विनवून इंदूरला फोन लावायला लावला आणि भिंतीच्या अलीकडूनच ओरडून होकार कळवला. म्हणजे तो गल्लीसमोरच झाला, आता माघार नव्हती. संध्याकाळी ती आणि मी गच्ची धुवायला वर गेलो, तर बाबा कठड्याला टेकून बसलेले. बुलबुलतरंग शेजारी होतं, वाजत नव्हतं.

आत्या खराटा ठेवून त्यांच्याजवळ बसली. "दादा," ती म्हणाली, "ती छत्री..."

"माहितीये."

"काय माहितीये?"

"मी इथे रोज वाजवायला बसायचो, ते काय डोळे मिटून?" बाबा म्हणाले. "तुझे कावळे छत्रीला भितात, हे तुझ्याइतकंच मलाही ठाऊक होतं. मी सरळ जा म्हटलं असतं, तर अण्णांना मी फसवलं असतं. आता तू फसवलंस. माझा शब्द कावळ्याने सोडवला, सगळ्या गल्लीने बघितलं."

आत्याला हसू आवरेना. हसता हसता तिने त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला. "मग एवढा वेळ उन्हात आम्हाला तळलंस कशाला? पहिल्याच वड्याला म्हणायचंस!"

बाबा हसले नाहीत. टाकीकडे बघत म्हणाले, "वाट बघत होतो."

"कशाची?"

"वाटलं, अण्णा काहीतरी सुचवतील. हो म्हणतील, नाही म्हणतील. जन्मभर मला एक वाक्य धड पुरं करू दिलं नाही त्यांनी, मधेच बोलायचे. आज मी हात जोडून थांबलो होतो, तर काही नाही." त्यांनी सोवळ्याच्या टोकाने नाक पुसलं. "मला त्यांचा आवाजच आठवेना गं. आठवायला गेलं की माझाच ऐकू येतो."

आणि बाबा रडायला लागले. आवाज करून, लहान मुलासारखे. अण्णा गेले तेव्हा सगळं हिशेबी करणारे बाबा रडले नव्हते. मी हातात ओलं ताम्हन घेऊन तशीच उभी राहिले.

आत्याने त्यांना रडू दिलं. मग तिने घसा खाकरला, मान थोडी मागे टाकली आणि अण्णांच्या आवाजात, त्या खर्जात, त्या तुसडेपणाने, म्हणाली, "गाढवा, टाकीचा नळ बंद केलास का?"

बाबा ताडकन उठले. "केला, अण्णा," म्हणत टाकीपर्यंत गेले, नळ पिळून पाहिला आणि नळावर हात तसाच ठेवून, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.